पान एक्केचाळीसचं शुद्धिपत्र

३ फेब्रुवारी, मंगळवार

भुंग्या,

तुझ्या पुस्तकात पान सतरावर लिहिलंय, "ज्या व्यक्तीवर तुमचा राग आहे तिला पत्र लिहा. मनात येईल ते सगळं लिहा. पत्र पाठवू नका." पहिली दोन वाक्यं मी पाळतेय. तिसरं पाळणार नाही. पाठवायचं नसेल तर मी कागद वाया घालवत नाही. सव्वीस वर्षं बाइंडिंग करतेय, माझ्यासमोर कुणी कोरा कागद चुरगाळला तरी माझा जीव खालीवर होतो.

हो, तुझं पुस्तक माझ्या टेबलावर आलंय. तुला कल्पना नसणार. आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकांनी तुझ्या ऑफिसकडून परवानगी घेतली आणि अठ्ठावीस तारखेच्या शिबिरासाठी तीनशे प्रती आमच्या प्रेसमध्ये छापायला टाकल्या. 'अंकुर : आत्मिक वाढीचे बारा आठवडे'. मागे तुझा फोटो, हाताची घडी आणि सगळे दात बाहेर. परवा उपासनेत पाळक सांगत होते, फार मोठे लाइफ कोच येणार आहेत, प्रत्येकाला देवाने नेमून दिलेलं काम शोधून देतात. पाळक नवीन आहेत. हे मोठे कोच माझे पाठचे भाऊ, हे त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

बाइंडर पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाही. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापून येतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. त्याच्या घड्या घालायच्या, फर्मे जुळवायचे, शिवायचे, कडा कापायच्या. जे पान वर येईल तेवढंच डोळ्यांसमोर. काल तिसऱ्या फर्म्याची घडी दाबताना पान एक्केचाळीस वर आलं, आणि त्यात मी होते.

तुझंच लिखाण तुला परत लिहून पाठवते, विसरला असशील तर.

"माझ्या मोठ्या बहिणीने सहा वर्षं एकटीने आमच्या आजारी आईची सेवा केली. मी दूर होतो. तिच्या मनात माझ्याविषयी कडवटपणा साचला होता. एके संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. अंगणातल्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. मी काही बोलायच्या आत तिने माझा हात धरला. तिने मला क्षमा केली. आम्ही दोघंही रडलो. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा थकवा त्या क्षणी उतरला. वाचकहो, तुमच्या आयुष्यातली ती पायरी कोणती?"

वाचकहो, मी सांगते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही. पायऱ्या आहेत त्या जिन्याच्या, आणि तिथे कुणी बसलं तर खालच्या मजल्यावरची बाई झाडू घेऊन बाहेर येते. तू त्या संध्याकाळी आला नाहीस, कुठल्याच संध्याकाळी आला नाहीस. आईला पुरायलाही आला नाहीस. मी तुझा हात शेवटचा धरला तो तुला रस्ता ओलांडून शाळेत नेताना. आणि माझ्या चेहऱ्यावरचा थकवा जिथल्या तिथे आहे, येऊन बघ.

तू क्षमा मागितलीच नाहीस, भुंग्या. आणि मी दिली असं छापून मोकळा झालास. आयत्या पिठावर रेघोट्या मारायची तुझी सवय जुनी आहे, पण हे पीठ मी दळलेलंच नाही.

तर आता ऐक. तुझे बाकीचे फर्मे घड्या घालून तयार आहेत. तिसऱ्याच्या तीनशे घड्या मी गठ्ठ्यात बांधून स्टुलावर ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर मी बसते. उंची छान झाली आहे, पाठ दुखायची थांबली. पान एक्केचाळीस दुरुस्त होईपर्यंत तुझं पुस्तक बांधलं जाणार नाही.

ताई

१० फेब्रुवारी, मंगळवार

भुंग्या,

तुझं पाकीट मिळालं. आत टाइप केलेलं एक पान, खाली तुझी सही, तीही शिक्क्याची. "तुझ्या वेदनेचा मी आदर करतो. तुझ्या भावना रास्त आहेत. सोबत काही उपयुक्त साधनं पाठवत आहे." आणि साधनांची यादी, एक ते सात.

सख्ख्या बहिणीला यादी पाठवणारा भाऊ जगात दुसरा नसेल. पण मी फुकट आलेली वस्तू टाकून देत नाही, सगळी वापरून पाहिली.

पहिलं साधन, श्वास. चार आकडे मोजून आत घ्या, सहा आकडे मोजून सोडा. मी कटिंग मशीनवर उभी राहून केलं. मालक म्हणाले, "ताई, पात्यासमोर डोळे मिटायचे नाहीत." ते साधन तिथेच संपलं. दुसरं, रागाचा तापमापक. पुठ्ठ्याची पट्टी आहे, एक ते दहा, आज राग किती ते सरकवून बघायचं. पट्टी नऊच्या पुढे अडकते. कापणाऱ्याने खाच अरुंद ठेवली आहे, तुझ्या छापखान्याला सांग. तिसरं, कृतज्ञतेची वही. शुक्रवारी लिहिलं, मशीनला नवीन पातं आलं. शनिवारी लिहिलं, नवीन पातं अजून चांगलं चालतंय. रविवारपासून जागा कोरी आहे. उरलेली ऐकायची भाषणं आहेत आणि सगळी तुझीच. एक ऐकलं. तू बोलताना अजून मधेच गुणगुणल्यासारखं करतोस, लहानपणी जेवताना करायचास तसं. ते ऐकून मी बंद केलं.

खोटं बोलणार नाही, पुस्तकात एक पान चांगलं आहे. पान तेवीस. "प्रार्थनेत काही मागू नका, काही सांगू नका. दहा मिनिटं देवासमोर नुसते बसा." मी बसले, तिसऱ्या फर्म्यावरच. दहाची वीस मिनिटं झाली. आईच्या आजारपणात मला कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण तेव्हा मी मागून मागून थकले होते आणि नुसतं बसता येतं हे माहीतच नव्हतं. तुला हे लिहिता येतं म्हणूनच मला जास्त राग येतो. वाईट लिहिणारा असतास तर सोडून दिलं असतं.

आणि मग सहावा आठवडा आहे. 'निरोगी अंतर'. "जी नाती तुमची ऊर्जा शोषतात त्यांच्यापासून प्रेमाने दूर व्हा." हे वाक्य मी आधी वाचलं होतं. सहा वर्षांपूर्वी तू ते मला पत्रात लिहिलं होतंस, आणि त्यानंतर तुझा रविवारचा फोन बंद झाला. आईला झटका आल्यापासून तू दर रविवारी दुपारी चार वाजता फोन करायचास. तेवढं एक तू चार वर्षं न चुकता केलंस, ते मी नाकारत नाही. मग तुझा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यात आई बसेना. शेवटची दोन वर्षं फोन नाही. ज्याला तू ऊर्जा शोषणं म्हणतोस, ते अंथरुणाला खिळलेली बाई तुझं नाव घेत होती एवढंच होतं. त्या झटक्यानंतर तिच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं तरी भुंग्या, कूस बदलायची तरी भुंग्या. मी समोर असले तरी भुंग्याच.

असो. कामाचं बोलते. तू लिहिलंयस की पान आता बदलता येणार नाही, कारण तो "माझा प्रवास" आहे. ठीक. छापून झालेल्या पुस्तकातली चूक सुधारायला आमच्या धंद्यात शुद्धिपत्र असतं. बोटभर रुंद चिठ्ठी छापायची आणि त्या पानाच्या मुळाशी खळ लावून चिकटवायची. मी मजकूर जुळवलाय. दोन प्रती सोबत आहेत.

"शुद्धिपत्र. पान ४१. 'एके संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो' इथपासून 'त्या क्षणी उतरला' इथपर्यंतचा मजकूर, 'तिने मला क्षमा केली' एवढे वाक्य सोडून, गाळावा. 'तिने मला क्षमा केली' या ऐवजी 'तिला कोणी विचारलेले नाही' असे वाचावे."

मालकांच्या वडिलांपासूनचा नियम आहे, लेखकाच्या सहीशिवाय शुद्धिपत्र लावायचं नाही. नाहीतर उद्या कोणीही कोणाच्याही पुस्तकात आपलं म्हणणं चिकटवेल. नियम चांगला आहे, मी मोडणार नाही. म्हणून तुझी सही हवी. शिक्क्याची चालणार नाही.

ताई

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भुंग्या,

सही आली नाही. पाळक आले.

म्हणजे तू मला उत्तर न देता त्यांना पत्र घातलंस. "माझी बहीण तुमच्याच मंडळीत आहे, ती दुखावलेली आहे, तिला प्रेमाने शिबिरात साक्ष द्यायला सांगा." उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तुझ्यासारख्या. बिचारे पाळक शनिवारी प्रेसमध्ये आले, खळीच्या डब्याला पाय लागला, बूट भरला, तरी हसत होते. माणूस वाईट नाही.

म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्या बहीण आणि आम्हाला पत्ताच नाही. शिबिरात पाच मिनिटं उभ्या राहा. पान एक्केचाळीस तुमच्या तोंडून ऐकलं तर किती जणांची मनं मोकळी होतील."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, जे झालंच नाही त्याची साक्ष कशी देऊ?"

"झालं नसेल. पण मनात तर क्षमा असेलच ना?"

"मनात काय आहे ते त्याने येऊन विचारावं. तुम्ही कशाला विचारता?"

त्यांनी बुटातली खळ चिंधीने पुसली. मग हळूच म्हणाले, "दर रविवारी प्रार्थनेत आपण सगळे म्हणतोच की, आम्हीही क्षमा करतो म्हणून."

"म्हणते. त्या ओळीला माझा आवाज बारीक होतो. देवाला ते माहीत आहे. त्याला मी फसवत नाही, मग तुमच्या शिबिराला कशाला फसवू?"

जाताना स्टुलाकडे बघून म्हणाले, "तुम्ही यावरच बसता का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू काही आजाऱ्याची चौकशी केली.

मालकांचा धीर मात्र सुटत चाललाय. म्हणाले, "ताई, आपण पुस्तकं बांधतो. पुस्तकांशी भांडत नाही. सव्वीस तारखेपर्यंत माल तयार नसेल तर मी दुसरीकडून बांधून घेणार, आणि मग तुम्हीही दुसरीकडे काम बघा." मी म्हटलं, बघेन. आणि उठले नाही. भुंग्या, त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटलंय, सव्वीस वर्षांत. मला भीती वाटली, हे लिहून ठेवते. चौपन्नाव्या वर्षी नवीन प्रेसच्या दारात उभं राहायचं आणि सांगायचं, मला घडी घालता येते. पण त्या गठ्ठ्यावरून उठणं मला त्याहून कठीण वाटलं.

रविवारी उपासनेनंतर बायकांच्या प्रार्थनागटात बातमी पोचली होतीच. तिथे दोन तट पडले. नर्सबाई, ज्या आईची कूस बदलायला माझ्या मदतीला यायच्या, त्या म्हणाल्या, "ज्याने एकदा बेडपॅन उचललं नाही त्याने पान लिहू नये." दुसऱ्या म्हणाल्या, आपल्याच भावाची अब्रू कशाला काढायची, झाकली मूठ राहू द्यावी. टेलरबाई कोपऱ्यात काजं करत बसल्या होत्या. नंतर त्यांनी जिन्यात मला गाठून विचारलं, "ताई, ती चिठ्ठी कोणत्याही खोट्याला लावता येते का?" मी म्हटलं, छापलेल्याला येते. त्या म्हणाल्या, "आणि नुसत्या बोललेल्याला?"

तुला सव्वीसपर्यंत वेळ आहे. मला पण तेवढाच आहे.

ताई

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भुंग्या,

आज पत्र आलं ते हाताने लिहिलेलं होतं. तुझं अक्षर अजून तसंच, ओळ वर चढत जाते. पाकीट न फोडता मी दुपारपर्यंत टेबलावर ठेवलं होतं.

तू लिहिलंयस, "मावशीने मला आई गेल्यावर सगळं सांगितलं. तू दोन वर्षं माझ्या फोनचं नाटक करत होतीस. मला वाटलं, जी बहीण माझ्यासाठी एवढं करते तिने मला क्षमा केलेलीच आहे. मग विचारायचं काय? मी पायरी कल्पनेतून लिहिली, पण क्षमा मला खरी वाटत होती."

मावशीला तोंडावर हात ठेवायला सांगितलं होतं. तिला ते कधी जमलं नाही.

ठीक आहे, तुला अर्धं कळलंय तर पूर्ण ऐक. तुझा फोन बंद झाला त्या पहिल्या रविवारी आई तीनपासून दाराकडे बघत होती. फोन बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. चार वाजले, साडेचार, सहा. ती भुंग्या म्हणाली. मी म्हटलं, लाइन बिघडली असेल. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी तिने जेवण थुंकून दिलं. मग चौथ्या रविवारी मी गजराचं घड्याळ फोनशेजारी ठेवलं आणि चारचा गजर लावला. वाजला की बंद करायचा, फोन उचलायचा आणि मोठ्याने बोलायचं. "हो रे, जेवली ती. हो, औषध घेते. तुझं काम कसं आहे? बरं, बरं, सांगते तिला." समोरून नुसता टूं टूं आवाज. मग आत जायचं आणि तिला सांगायचं, भुंग्याने विचारलंय. ती अर्ध्या तोंडाने हसायची. दुसरं अर्धं हलत नव्हतं.

शंभराहून जास्त रविवार मी हे केलं. एकदा मावशी आली होती, तिने घड्याळ पाहिलं आणि मला पकडलं. ती रडायला लागली, मी तिला स्वयंपाकघरात ढकललं आणि बोलणं पुरं केलं. तुझ्या नावाने मी तिला काय काय सांगितलं म्हणून सांगू. तुला बढती दिली, तुला ताप आणला, उतरवला. एकदा तू तिच्यासाठी रडलास असंही सांगितलं. तेवढं तरी खरं करायला हवं होतंस.

आणि हे तुला क्षमा वाटलं?

मी ते आईसाठी केलं. तिचं जेवण आत जावं म्हणून केलं. फोन ठेवला की दर वेळी मी बाहेरच्या खोलीत उभी राहून तुला शिव्या द्यायचे, तोंडातल्या तोंडात, मंडळीत बसणाऱ्या बाईला येऊ नयेत अशा. तुझ्या जागेवर उभं राहून तुझं काम करणं म्हणजे तुला माफ करणं नव्हे. एवढा साधा फरक तुझ्या बारा आठवड्यांत कुठेच नाही, तिथे एक तेरावा घाल.

पण तुझं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट मला सोडत नाही, ती लिहिते. तू माझ्या नावाने न घडलेली क्षमा छापलीस, म्हणून मी तुझ्या पुस्तकावर बसले. आणि मी तुझ्या नावाने न आलेले फोन आईला दिले. मीही लिहिलेलीच आहेत की खोटी पानं, शंभर. आई गेली तेव्हा तुझ्यावर खूश होती, आणि तो तुझा नाही, माझा उद्योग होता. गजराचा आवाज आणि फोनचा आवाज वेगळा असतो. तिला तो फरक कळत होता की नाही, हे मला आता विचारता येत नाही. तिला कळत असेल आणि माझं मन राखायला ती हसत असेल, असंही वाटतं. माझं शुद्धिपत्र लावायला पुस्तकच उरलेलं नाही.

म्हणून मी नरम झाले असं समजू नकोस. उलट आता माझं ठाम मत झालंय. माझी चूक सुधारायची राहून गेली, तुझी अजून सुधारता येते, तर सुधारलीच पाहिजे. सही पाठव. शिबिरात माईक हातात घेऊन मला माफी मागायला येऊ नकोस, मी लोकांसमोर रडणार नाही आणि तुलाही रडू देणार नाही. सही तेवढी पाठव.

परवा सव्वीस आहे.

ताई

१ मार्च, रविवार

भुंग्या,

सव्वीसला सकाळी साडेदहाला टपाल आलं. मालक माझ्या डोक्यावर उभे होते, दुसऱ्या बाइंडरचा माणूस खाली टेम्पो घेऊन थांबला होता. पाकिटात माझंच शुद्धिपत्र, खाली तुझी सही, शाईची. आणि मधे तुझ्या लाल पेनाच्या दोन दुरुस्त्या. 'कोणी' खोडून तू 'मी' लिहिलंस, आणि पुढे खूण करून 'अजून' घातलंस.

"तिला मी अजून विचारलेले नाही असे वाचावे."

मालकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "लेखकाची सही आहे. लावा." टेम्पो परत पाठवला. मी स्टुलावरून उठले आणि दीड दिवसात तीनशे प्रती बांधल्या. शेवटच्या शंभर चिठ्ठ्या मालकांनी स्वतः चिकटवल्या, वाकड्या, पण मी त्यांना तसं म्हटलं नाही. तिसरा फर्मा तीन आठवडे माझ्या वजनाखाली होता, त्यामुळे तेवढ्याच घड्या फार सुरेख बसल्या आहेत. बाकीच्या जरा फुगतात.

काल शिबिरात तू स्टेजवरून मला शोधत होतास ते मी पाहिलं. मी शेवटी होते, पुस्तकांच्या टेबलामागे, खांबाच्या आड. तुझ्या डोक्यावरचे केस पार गेलेत रे. फोटो जुना लावतोस. तू पुस्तक उघडलंस, पान एक्केचाळीस काढलंस आणि चिठ्ठी वाचलीस, पहिल्या शब्दापासून. पुढे स्पष्टीकरण दिलं नाहीस, डोळे पुसले नाहीत, "वाचकहो" म्हटलं नाहीस. म्हणालास, "या पानावरची बहीण खरी आहे, बाकी मी रचलं. पुढे जाऊया." पाळक आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं होतं मला त्यात मजा येईल. आली नाही. टेबल धरून उभी राहिले.

तू पाहिलं नसशील ते सांगते. दुपारच्या सुट्टीत टेलरबाई टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "एक कोरी चिठ्ठी मिळेल का?" माझ्या पिशवीत कापताना उरलेल्या पट्ट्या होत्या, पुस्तकात खुणेला द्यायला आणलेल्या. एक दिली. त्यांनी उभ्या उभ्या लिहिली आणि मला वाचायला दिली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने साक्ष दिली होती की दारू सुटली, आणि या शेजारी बसून होकाराने मान डोलावत होत्या. चिठ्ठीत एवढंच होतं, "सुटलेली नाही. मला मदत हवी आहे." ती घेऊन त्या नर्सबाईंकडे गेल्या, दोघी मागच्या खोलीत बसल्या. मग आणखी एक आली. मग एक गृहस्थ आले, ते तर पाळकांच्या कमिटीतले. त्यांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत पट्ट्या संपल्या. तुझ्या उपयुक्त साधनांच्या यादीत आठवं साधन म्हणून घाल, आणि कागद जाड वापर, माणसं पेन फार दाबून लिहितात.

तू शेवटी खाली उतरून टेबलाकडे यायला निघालास तेव्हा मी मागच्या दाराने बाहेर पडले. लोकांसमोर नको, हे मी लिहिलं होतं. घाबरून पळाले असं वाटलं असेल तर वाटू दे.

आता आजचं.

आज दुपारी मी आईच्या खोलीत चादर बदलत होते. तिच्या कॉटवर आता मी झोपते. चार वाजता बाहेर फोन वाजला.

मी जागची हलले नाही. तो वाजत राहिला. खरा फोन कसा वाजतो, मधे मधे थांबून, दम घेऊन, ते मी विसरले होते. गजर एका दमात ओरडायचा. मी आईच्या कॉटच्या कडेला बसून ऐकलं. तू बराच वेळ धरून ठेवलास, पूर्वी इतका धीर तुला नव्हता. मग थांबला.

उचलला नाही म्हणून रुसू नकोस. तो फोन माझ्यासाठी नव्हता. तिचा होता, सहा वर्षं उशिरा आला, आणि तिच्या खोलीत पोचला. तेवढं काम झालं.

माझं वेगळं आहे. मला तू फोनवर विचारायचं नाहीस, पत्रात नाही, स्टेजवरून तर नाहीच. पुस्तकात तुला पायरी हवी होती ना? आमच्या जिन्याला अठ्ठावन्न आहेत, मी आईला डॉक्टरकडे नेताना मोजल्या आहेत. खालची बाई अडवेल, तिला सांग, वरच्या ताईचा भाऊ आहे. ती विश्वास ठेवणार नाही, कारण तिने तुला कधी पाहिलेलं नाही. तरी चढ. वर आलास की आधी पाणी पी, मग विचार.

मी काय उत्तर देईन ते मला माहीत नाही. नाही म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे आणि कदाचित तसंच म्हणेन. पण दाराला आतून कडी नसेल.

ताई